तोंडातल्या पांढऱ्या चट्ट्यासाठी लस कधी? कॅन्सरच्या लसींवर काम करणाऱ्यांना एका दंतवैद्याचं खुलं पत्र

प्रति,
कॅन्सरवरच्या लसींचं संशोधन करणारे शास्त्रज्ञ, त्या लसी बनवणाऱ्या कंपन्या आणि त्यांच्या चाचण्या आखणारे डॉक्टर,

सप्रेम नमस्कार.

मी दंतवैद्य आहे. गेली २२ वर्षं लोकांना "आ करा" म्हणत आले आहे. दाढ दुखते म्हणून आलेल्या माणसाचीही जीभ गॉजमध्ये धरून बाजूला ओढायची, तिची कड पार मागेपर्यंत बघायची, गालाची आतली बाजू आरशाने ताणून बघायची, जिभेखालचा भाग बोटाने चाचपायचा, ही सवय कॉलेजात लागली आणि कधी सुटली नाही. त्या सवयीपोटीच हे पत्र लिहिते आहे. तोंडाचा कॅन्सर तुमच्यापर्यंत पोचतो तेव्हा त्याची गाठ झालेली असते. माझ्यासमोर तो अनेकदा त्याच्या कितीतरी आधी येतो, पांढरा चट्टा होऊन. तेव्हा तो कॅन्सर नसतो. पुढे होईलच असंही नसतं. आणि त्या काळात माझ्या हातात पेशंटला देण्यासारखं फार थोडं असतं.

एका पेशंटबद्दल सांगते. त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असं काही लिहिलेलं नाही. मी त्यांना काकू म्हणते, इथेही काकूच म्हणेन.

काकू ९ वर्षांपूर्वी एक हलणारा दात दाखवायला आल्या होत्या. खालच्या हिरडीवर, डाव्या बाजूला, करंगळीच्या नखाएवढा पांढरा चट्टा होता. दुखत नव्हता, झोंबत नव्हता, तो आहे हे त्यांना माहीतही नव्हतं. मी गॉजने पुसून पाहिला. पुसला गेला असता तर बुरशीचा थर असण्याची शक्यता होती. तो पुसला गेला नाही. तंबाखू नाही, सुपारी नाही, दारू नाही, टोचणारा दात नाही, काहीच कारण सापडेना. बायोप्सीचा रिपोर्ट आला: वरचा थर जाड झाला आहे, पेशींमध्ये बिघाड नाही. आम्हा दोघींचाही जीव भांड्यात पडला.

दीड वर्षात तो चट्टा पाच दातांच्या हिरडीपर्यंत पसरला. लेझरने काढला, परत आला. पुन्हा काढला, पुन्हा आला, आणि या वेळी चामखिळीसारखा खडबडीत होऊन आला. मग उजव्या गालात दुसरा दिसला. तेव्हा आजाराला नाव मिळालं: प्रोलिफरेटिव्ह व्हेरुकस ल्युकोप्लाकिया. पुसला न जाणाऱ्या, दुसरं कारण न सापडणाऱ्या पांढऱ्या चट्ट्याला ल्युकोप्लाकिया म्हणतात; त्याचा हा सगळ्यात चिवट प्रकार. तंबाखूला कधी हात न लावलेल्या, उतारवयाच्या बायकांमध्ये तो जास्त दिसतो, आणि जवळजवळ निम्म्या रुग्णांत पुढे त्याचा कॅन्सर होतो. तेव्हापासून काकू दर तीन महिन्यांनी येतात. मी फोटो काढते, मागच्या फोटोशेजारी ठेवते, चट्ट्याच्या कडा मोजते. कुठे लालसर दिसलं, कुठे बोटाला टणक लागलं, की तुकडा काढून पाठवते. आतापर्यंत ७ बायोप्सी झाल्या. दर वेळी रिपोर्ट येईपर्यंतचे आठ-दहा दिवस त्या घरात कसे जातात हे मला त्यांच्या मुलीच्या फोनवरून कळतं.

गेल्या खेपेला तपासून झाल्यावर काकूंनी खुर्चीतच बसून विचारलं, "नातीला परवा ती एचपीव्ही विषाणूवरची लस दिली. त्या लसीने घशाचा आणि तोंडाचा कॅन्सर टळतो म्हणे. मग मला का देत नाही?"

मी समजावून सांगितलं. ती लस विषाणूला शरीरात शिरू देत नाही. तुमचा चट्टा त्या विषाणूने झालेला नाही. आणि ज्यांना तो विषाणू आधीच लागला आहे त्यांच्या शरीरातून ही लस त्याला बाहेर काढत नाही. काकूंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, रुमालाने ओठ पुसले आणि म्हणाल्या, "म्हणजे माझ्यासाठी अजून काही नाही."

त्यांचा आवाज तक्रारीचा नव्हता. पण ते वाक्य मला बाजूला सारता येईना, म्हणून ते तुमच्याकडे पाठवते आहे.

आधी तुमचे आभार मानायला हवेत, आणि ते मनापासून मानते. एचपीव्हीची लस हे माणसाच्या हातून झालेलं फार मोठं काम आहे. विषाणूच्या बाहेरच्या कवचातलं एल१ हे एकच प्रथिन घ्यायचं, ते आपोआप जुळून विषाणूसारखा पोकळ गोळा तयार होतो, आत जनुकं नाहीत, त्यामुळे आजाराचा प्रश्न नाही, आणि शरीर मात्र खरा विषाणू आल्यासारखी अँटीबॉडी बनवून ठेवतं. ही लस मुळात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी आली. ती तोंडातही राखण करते का, हे कोस्टा रिकामधल्या चाचणीत पाहिलं गेलं. तरुण मुलींना लस देऊन चार वर्षं झाल्यावर त्यांच्या तोंडातले नमुने तपासले. लस न मिळालेल्या गटात एचपीव्ही-१६ किंवा १८ या प्रकारांचा संसर्ग १५ जणींच्या तोंडात सापडला, लस मिळालेल्या गटात फक्त एकीच्या. हे निष्कर्ष २०१३ साली आले. पुढे जून २०२० मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने एचपीव्हीच्या नऊ प्रकारांवरच्या लसीला घशाच्या आणि डोक्या-मानेच्या इतर एचपीव्हीजन्य कॅन्सरच्या प्रतिबंधासाठी मान्यता दिली. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक आईवडिलांना मी सांगते: मुलगी असो वा मुलगा, ही लस वेळेत द्या. मुलग्यांचं मुद्दाम सांगते, कारण एचपीव्हीमुळे होणारा घशाचा कॅन्सर पुरुषांमध्ये जास्त आढळतो.

पण लगेच पुढचं वाक्यही मला बोलावं लागतं, आणि तिथेच माझी अडचण सुरू होते. लोक "तोंडाचा कॅन्सर" म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर जीभ, गाल, हिरडी, ओठ, टाळू असतं. एचपीव्हीची लस जिथे मोठं काम करते ती जागा त्याच्या मागे आहे: टॉन्सिल आणि जिभेचं मूळ. आरशात बघताना दिसत नाही तो भाग. दोन्ही जागा बोटाच्या अंतरावर असल्या तरी त्यांच्या कॅन्सरची घडण वेगळी आहे. २९ देशांतून गोळा केलेल्या ३६८० नमुन्यांचा एक अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात घशाच्या या भागातले सुमारे २२ टक्के कॅन्सर एचपीव्हीच्या माथी मारता येत होते, आणि तोंडाच्या पोकळीतले फक्त ४.४ टक्के. काही देशांत घशाचा आकडा याहून कितीतरी मोठा आहे. तोंडाच्या पोकळीचा मात्र सगळीकडे लहानच राहतो.

म्हणजे जिभेच्या कडेवर, गालात, हिरडीवर होणाऱ्या शंभरातल्या पंच्याण्णव कॅन्सरना विषाणूशी देणंघेणं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ साली जगात तोंडाच्या कॅन्सरचे सुमारे ३,८९,८०० नवे रुग्ण सापडले आणि त्यातले १,२०,२०० केवळ चघळायच्या तंबाखूमुळे आणि सुपारीमुळे झाले. सिगारेट आणि दारू त्यात धरलेली नाही. या माणसांना एचपीव्हीची लस वाचवणार नव्हती. हे मी लसीचं मोल कमी करायला सांगत नाही. "तोंडाच्या कॅन्सरवर लस आली" अशी बातमी वाचून एखादा माणूस गालातला चट्टा दाखवायचा राहू नये, म्हणून सांगते. असा एक गृहस्थ माझ्याकडे आला होता. लस घेतली आहे, आता काळजी नाही, असं त्याला वाटत होतं. तोंडात जिभेच्या कडेला दोन महिन्यांचा व्रण होता.

म्हणून पहिली विनंती, आणि ती अगदी साधी आहे. तुमच्या घोषणांमध्ये आणि निष्कर्षांमध्ये जागा वेगळी लिहा. "डोक्या-मानेचा कॅन्सर" हे नाव सर्जनच्या वॉर्डापुरतं ठीक आहे. लसीच्या बाबतीत टॉन्सिल आणि जीभ एकाच ओळीत बसवली की माझ्यासारख्याला पेशंटशी खरं बोलणं अवघड होतं.

आता उपचाराच्या लसींकडे येते. इथे लस या शब्दाचा अर्थच बदलतो. झालेला कॅन्सर ओळखायला आणि मारायला टी-पेशींना, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या लढाऊ पेशींना, शिकवायचं, हे तिचं काम. आणि इथेही तुमची पहिली पावलं विषाणूच्याच दिशेने पडली. त्यामागचं कारण मला कळतं. एचपीव्ही-१६ ने झालेल्या गाठीत ई६ आणि ई७ ही दोन परकी प्रथिनं असतात. पहिलं पी५३ ला मोडीत काढतं, दुसरं आरबीला. पेशीच्या वाढीला लगाम घालणाऱ्या याच दोन गोष्टी. गाठ त्या प्रथिनांवरच जगते, त्यामुळे ती टाकून देणं तिला परवडत नाही, आणि सगळ्या रुग्णांत ती सारखी असतात. इतकं सोयीचं लक्ष्य दुसरं कुठे मिळणार? २०१८ साली आयएसए१०१ ही लस आणि निव्होलुमॅब हे प्रतिकारशक्तीचा ब्रेक सोडणारं औषध एकत्र देऊन पाहिलं. एचपीव्ही-१६ मुळे झालेला, बरा न होणारा कॅन्सर असलेले २४ रुग्ण होते, त्यातल्या एक तृतीयांशांची गाठ लहान झाली. बीएनटी११३ ही एमआरएनए लसही (म्हणजे प्रथिन कसं बनवायचं याचा निरोप शरीराला देणारी लस) याच ई६ आणि ई७ वर नेम धरते. हे काम चालू राहू दे. टॉन्सिलचा कॅन्सर झालेला माणूसही कुणाचा तरी बाप असतो.

विषाणू नसलेल्या कॅन्सरसाठी मात्र प्रत्येकाची गाठ वेगळी वाचावी लागते. गाठीची जनुकं तपासायची, तिच्यात नव्याने झालेले बदल शोधायचे, त्यातले प्रतिकारशक्तीला दिसतील असे निवडायचे आणि त्या एका माणसापुरती लस बनवायची. मेलानोमा या त्वचेच्या कॅन्सरमध्ये हे जमू शकतं हे तुम्ही दाखवलंत: १५७ रुग्णांच्या चाचणीत, जास्तीत जास्त ३४ बदलांवर बेतलेली वैयक्तिक एमआरएनए लस पेम्ब्रोलिझुमॅब या निव्होलुमॅबच्याच जातीच्या औषधाच्या जोडीला दिल्यावर आजार परतण्याचा किंवा मृत्यूचा धोका ४४ टक्क्यांनी कमी झाला. आणि डोक्या-मानेच्या, एचपीव्हीशी संबंध नसलेल्या कॅन्सरमध्ये टीजी४०५० या अशाच वैयक्तिक लसीची छोटी चाचणी झाली. ऑपरेशन आणि पुढचे उपचार पूर्ण झालेल्या रुग्णांपैकी १६ जणांना लगेच लस दिली, १६ जणांवर नुसतं लक्ष ठेवलं. दोन वर्षांनी लस मिळालेल्या गटात कुणाचाच आजार परतला नव्हता, दुसऱ्या गटात तिघांचा परतला होता. आकडा लहान आहे, त्यावरून उड्या मारता येणार नाहीत हे मलाही कळतं. तरी ते वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. ज्या कॅन्सरपुढे लसीचं काही चालणार नाही असं आम्ही धरून बसलो होतो, त्याचं दार किलकिलं झालेलं दिसलं.

आता मूळ मुद्द्यावर येते. या सगळ्या लसी दोन टोकांना उभ्या आहेत. एक टोक म्हणजे काकूंची नात: निरोगी, बारा-तेरा वर्षांची, विषाणू अजून लागलेला नाही. दुसरं टोक म्हणजे जबडा कापलेला, मानेतल्या गाठी काढलेल्या, रेडिएशनने लाळ सुकलेली, असा रुग्ण. मधली कित्येक वर्षं, जेव्हा चट्टा तोंडात असतो आणि कॅन्सर झालेला नसतो, ती मोकळीच पडली आहेत. काकू त्या मधल्या वर्षांत आहेत. माझे बहुतेक असे पेशंट तिथेच आहेत: पांढऱ्या चट्ट्याचे, त्याहून धोकादायक लाल चट्ट्याचे, आणि सबम्यूकस फायब्रोसिसने, म्हणजे तोंडाची आतली बाजू ताठर होत जाण्याच्या आजाराने, तोंड दोन बोटांएवढंही उघडत नाही असे.

आम्ही त्यांच्यासाठी आतापर्यंत काय काय करून पाहिलं ते तुम्हाला माहीत असेल, तरी एका जुन्या चाचणीची आठवण करून देते. १९८६ साली व्हिटॅमिन ए च्या घराण्यातलं एक औषध ल्युकोप्लाकियाच्या ४४ रुग्णांवर वापरलं गेलं. औषध मिळालेल्या २४ पैकी १६ जणांचे चट्टे बरेच लहान झाले, औषध नसलेली नुसती गोळी मिळालेल्या २० पैकी फक्त दोघांचे. मग औषध थांबवलं. दोन-तीन महिन्यांत त्या १६ पैकी ९ जणांचे चट्टे परत आले. आणि औषध चालू ठेवावं तर त्याचा त्रास सोसवत नव्हता. ही चाचणी मी विद्यार्थी असताना पहिल्यांदा वाचली तेव्हा मला ती हरलेली लढाई वाटली होती. आता तुमच्या कामाच्या उजेडात वाचते तेव्हा तिच्यात दुसरंच काही दिसतं. चट्टा हटू शकतो. त्याला हटवलेलं ठेवणारं काही आपल्याकडे नव्हतं. गोळीला स्मरण नसतं. लसीला असतं.

पुढे २०१६ साली एर्लोटिनिब या कॅन्सरवरच्या औषधाची चाचणी आली. त्यात चट्ट्यातल्या पेशींनी गुणसूत्राचे ठरावीक तुकडे गमावलेले आहेत का, हे बघून जास्त धोक्याचे १५० लोक निवडले होते. औषधाने कॅन्सर टळला नाही. पण त्या चाचणीने एक मोलाची गोष्ट हातात दिली: कुठला चट्टा जास्त धोक्याचा, हे आधी ओळखता येतं. म्हणजे चट्ट्यावरची लस सरसकट सगळ्यांना टोचायची गरज नाही. कुणाला द्यायची हे ठरवायचं साधन आहे.

कॅन्सरच्या आधीच्या अवस्थेत लस चालते का, याचं उत्तर शरीराच्या दुसऱ्या भागात एकदा मिळालेलं आहे. २००९ साली बाह्य जननेंद्रियावरच्या, एचपीव्ही-१६ मुळे झालेल्या पूर्वकर्करोगी चट्ट्यांवर ई६ आणि ई७ ची पेप्टाइड लस, म्हणजे त्या प्रथिनांच्या छोट्या तुकड्यांची लस, दिली गेली. वर्षभराने तपासलेल्या १९ पैकी १५ जणींमध्ये फरक पडला होता, ९ जणींचा चट्टा पूर्ण गेला होता. याच प्रकारच्या लसीला एकटीने मोठ्या, पसरलेल्या गाठीपुढे टिकाव धरता आला नव्हता. का ते समजायला फार विद्वत्ता लागत नाही. मोठी गाठ प्रतिकारशक्तीला झोपवायला शिकलेली असते. तिच्यात नाना तऱ्हेच्या पेशी असतात, एक मेली तर दुसरी वाढते. चट्टा अजून तितका बनेल झालेला नसतो. त्याचं वय लहान, सैन्य लहान.

अडचणी आहेत, आणि त्या तुम्ही मला सांगाल त्याआधी मीच मांडते. चट्ट्यात बदल कमी असतात, म्हणजे लसीला दाखवायच्या खुणा कमी. सुरुवातीचा एक मोठा बदल म्हणजे नवव्या गुणसूत्राचा तुकडा गळून जाणं, आणि जे गळून गेलं त्यावर लस करता येत नाही. मान्य. पण पी५३ चे बदल बिघाड झालेल्या चट्ट्यांतही सापडतात, आणि त्यातल्या १७५, २४८, २७३ या क्रमांकांच्या जागा पुन्हा पुन्हा बिघडताना दिसतात. प्रत्येकाची वेगळी लस बनवण्याऐवजी अशा सामाईक बदलांची एखादी जोडणी करून पाहता येणार नाही का? फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका असलेल्यांसाठी ऑक्सफर्ड आणि लंडनमध्ये लंगव्हॅक्स या लसीवर काम सुरू झालं आहे. लिंच सिंड्रोम, म्हणजे कॅन्सरचा धोका वाढवणारा आनुवंशिक दोष, घेऊन जन्मलेल्यांना आतड्याचा कॅन्सर व्हायच्या आधी लस देऊन बघण्याच्या चाचण्याही झाल्या आहेत. फुप्फुस आणि आतडं यांना ही संधी मिळते, तर तोंडाला का नाही?

तोंडाला तर ती आधी मिळायला हवी होती असं मला वाटतं, आणि या पत्रातला हा भाग तुम्ही नीट वाचावा अशी माझी इच्छा आहे. फुप्फुसातला डाग बघायला स्कॅन लागतो. आतड्यात बघायला दुर्बीण घालावी लागते. तोंडातला चट्टा बघायला एक आरसा आणि चांगला उजेड पुरतो. लस दिल्यावर तो आक्रसला का, पातळ झाला का, लाल झाला का, हे महिन्या-महिन्याला मोजपट्टी लावून सांगता येतं. चिमटीएवढा तुकडा सुन्न करून काढता येतो, टी-पेशी आत शिरल्या की कडेलाच थबकल्या हे त्यात दिसतं, आणि आठवड्यात जखम भरते. लसीचं काम आतून बघण्यासाठी शरीरात इतकी सोपी खिडकी दुसरी क्वचितच असेल. काही चट्टे आपोआपही लहान होतात, त्यामुळे लस न दिलेला गट ठेवावाच लागेल. तोही आमच्याकडे आहे. तो दर तीन महिन्यांनी येतो.

शिवाय तोंडाचा कॅन्सर एका जागेचा नसतो. १९५३ साली डॅनली स्लॉटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ७८३ रुग्णांच्या गाठींच्या आजूबाजूची निरोगी दिसणारी कातडी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली आणि तीही बिघडलेली असल्याचं दाखवून दिलं. सगळं शेतच नापीक व्हायला लागलेलं असतं, गाठ म्हणजे त्यातलं पहिलं वर आलेलं तण. म्हणून सर्जनने एक चट्टा कितीही स्वच्छ काढला तरी काकूंच्या दुसऱ्या गालात नवा येतो. आम्ही सुरीने एक जागा साफ करतो. टी-पेशी मात्र अख्ख्या तोंडात फिरतात.

आणखी एक गोष्ट. कॅन्सर झाल्यावर जिभेच्या ऑपरेशनबरोबर अनेकदा मानेतल्या लसिकाग्रंथी काढतात, आणि काढाव्याच लागतात. तोंडातल्या शत्रूची ओळख टी-पेशींना ज्या शाळेत होते ती शाळाच जाते. ऑपरेशनच्या आधी प्रतिकारशक्तीला जागं करण्याचा फायदा आता मोठ्या चाचणीत दिसला आहे: जून २०२५ मध्ये अमेरिकेत पेम्ब्रोलिझुमॅब ऑपरेशनच्या आधी आणि नंतर द्यायला मान्यता मिळाली. मग आणखी मागे का जाऊ नये? चट्ट्याच्या वेळी त्या ग्रंथी जागच्या जागी असतात, रेडिएशनने त्यांना हात लावलेला नसतो, माणूस जेवतखात असतो, त्याचं वजन घटलेलं नसतं.

काकूंच्या आजारावर निव्होलुमॅब देऊन पाहिलेलं मी वाचलं. ३३ रुग्ण होते, काहींचे चट्टे खरंच कमी झाले, काहींना तरीही पुढे कॅन्सर झालाच. मला त्यातून आशा मिळाली आणि काळजीही वाटली. ही औषधं प्रतिकारशक्तीचा ब्रेकच सोडून देतात, आणि मग ती कधी थायरॉइडवर, कधी फुप्फुसावर, कधी आतड्यावर उलटते. मरणाच्या दारातला माणूस ते सोसायला तयार होईल. काकू आज सकाळी फिरायला जातात, नातीला शाळेत सोडतात. त्यांना असं औषध देताना माझा हात थरथरेल. लसीमुळे दंड दुखेल, एखाद-दोन दिवस ताप येईल, तेवढं मी त्यांना बिनधास्त सांगू शकेन. ज्याला अजून कॅन्सर झालेला नाही त्याला देण्याजोगं काही असेल तर ते लसच असेल, असं माझं मत होत चाललं आहे.

अशी चाचणी पूर्ण व्हायला वर्षं लागतील, कंपनीला लवकर निकाल हवा असतो, हेही मला माहीत आहे. त्यावर दोनच गोष्टी सांगते. काकूंसारखे, ज्यांच्यातल्या निम्म्यांना पुढे कॅन्सर होतो असे लोक निवडलेत तर फार थांबावं लागणार नाही. आणि माणसं शोधायची कशी, तर आमच्याकडे या. केरळमध्ये १९९६ पासून चाललेल्या चाचणीत प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन नुसत्या डोळ्यांनी तोंडं तपासली. २००५ च्या निष्कर्षांनुसार तंबाखू किंवा दारूचं व्यसन असलेल्यांमध्ये तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू ३४ टक्क्यांनी घटले. नुसतं बघून इतकं होतं. बघणाऱ्याच्या हातात पुढे द्यायला काही असेल तर किती होईल याचा हिशोब तुम्हीच करा. आजवर एकाही लसीच्या चाचणीसाठी मला कुणी विचारलेलं नाही, माझ्या ओळखीच्या दंतवैद्यांपैकीही कुणाला नाही. कॅन्सर हॉस्पिटलमध्ये चट्टे येत नाहीत हो. चट्टे आमच्या खुर्चीत येतात, किडलेल्या दाढेच्या निमित्ताने.

तंबाखूबद्दल कुणी विचारेल म्हणून लिहिते: लस आली तरी पेशंटला तंबाखू आणि सुपारी सोडायला लावणं मी एक दिवसही थांबवणार नाही. पण सोडून दहा वर्षं झालेल्यांनाही कॅन्सर होतो, आणि काकूंनी तर सोडायलाच काही नव्हतं. "व्यसन सोडा" एवढं एकच वाक्य त्यांच्यासाठी पुरेसं नाही.

पुढच्या महिन्यात काकूंची तपासणी आहे. उजव्या गालातल्या चट्ट्याची खालची कड मागच्या फोटोत मला जरा लालसर वाटली होती, त्यामुळे आठवी बायोप्सी करावी लागेल असं दिसतंय. त्यांच्याखेरीज माझ्याकडे आणखी १४ जणांचे फोटो, रिपोर्ट आणि तारखा नीट लावून ठेवलेल्या आहेत, काहींच्या बायोप्सीचे मेणातले ठोकळेही जपून ठेवायला सांगितले आहेत. या सगळ्यांना विचारून झालं आहे. चट्ट्यावरच्या लसीची चाचणी कुणी सुरू केली तर यायला ते तयार आहेत, नुसत्या पाण्याचं इंजेक्शन वाट्याला आलं तरी चालेल असं त्यातल्या चौघांनी स्वतःहून सांगितलं. तुमच्यापैकी कुणी असा आराखडा लिहायला घेतला असेल, तर मला कळवा. यादीत पहिलं नाव काकूंचं आहे.

आपली नम्र,
एक दंतवैद्य